मी गेलो, मी गेले

गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय घसरला, घोट्याजवळचे हाड मोडले आणि सहा आठवडे उजवा पाय उशीवर ठेवून बसण्याची वेळ आली. बँकेतली नोकरी संपून वर्ष झाले होते, जुने दिवाळी अंक पहिल्याच आठवड्यात वाचून झाले होते आणि दूरदर्शनच्या बातम्यांनी डोके उठत होते. बंगळूरूला नोकरी करणारी लेक दोन दिवसांसाठी आली. मला बघायला म्हणून आलेल्या त्या पोरीने अर्धा वेळ माझ्या जुन्या लॅपटॉपशी खटपट करण्यात घालवला आणि जाताना त्यावर एक खेळ घालून ठेवला. ‘आई, यात मारामारी नाही. म्हणजे थोडी आहे, पण तू खाणीत उतरली नाहीस तरी चालतं. शेती कर, मासे पकड, गावातल्या लोकांशी बोल.’ खेळाचे नाव होते स्टारड्यू व्हॅली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका मोठ्या कंपनीत टेबलाला जखडलेल्या एका माणसाला मरण पावलेल्या आजोबांचे पत्र मिळते, त्यात पेलिकन टाउन नावाच्या गावाजवळची जमीन त्याच्या नावे केलेली असते, आणि तो शहर सोडून तिथे राहायला जातो. चार ऋतू, प्रत्येक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. तण काढायचे, बी पेरायचे, झारीने पाणी घालायचे, आलेले पीक विकायचे आणि उरलेल्या वेळात गावकऱ्यांशी ओळख वाढवायची. यातल्या बारा अविवाहित स्त्री-पुरुषांपैकी कोणाशीही लग्न करता येते. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बसून याची चित्रे काढली, संगीत रचले, संवाद लिहिले आणि संगणकाचा प्रोग्रामही लिहिला. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी खेळ बाजारात आला आणि आजवर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. त्या वर्षांत घरखर्च त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर चालत होता, हे वाचल्यावर मला जरा हसू आले. ‘एकट्याने’ केलेल्या कामांच्या मागे पुष्कळदा कोणीतरी पोळ्या लाटत असते.

खेळ सुरू होण्याआधी आपला माणूस घडवावा लागतो. नाव, केस, कातडीचा रंग, सदरा, मांजर हवे की कुत्रे, आणि एका बाजूला दोन छोटी चिन्हे: एक पुरुषाचे, एक स्त्रीचे. त्यांपैकी एकावर बोट दाबायचे. दाबल्यावर फारसे काही बदलत नाही, कारण केसांच्या सगळ्या तऱ्हा दोघांनाही खुल्या आहेत आणि हवी असेल तर बाईलाही दाढी लावता येते. लेकीचे बोट सवयीने स्त्रीच्या चिन्हाकडे निघाले होते. मी म्हणाले, ‘थांब. पुरुष कर.’ तिने मान वर करून पाहिले आणि काही न बोलता दुसरे चिन्ह दाबले. नाव दिले माधव.

असे मी का म्हणाले, याचा विचार नंतर कित्येक दुपारी केला. आमच्या मिरजेच्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत भातुकली मांडली जाई. पितळेच्या त्या एवढ्याशा पातेल्या, बोटभर उंचीचा बंब, चुरमुऱ्यांचा भात, गुळाच्या खड्यांचे लाडू. मुली स्वयंपाक करीत आणि मुलगे ‘ऑफिसला’ जात. ऑफिसला जाणे म्हणजे परसातल्या विहिरीला एक फेरी मारून परत येणे. फेरीत विशेष काहीच नव्हते. विहिरीला कठडा होता, कठड्यावर शेवाळ होते आणि पलीकडे शेजाऱ्यांची गाय बांधलेली असे. तरी मला ती फेरी मारायची होती. मी नवरा होते असे एकदा जाहीर केले, तेव्हा आत्तेभावाने ‘नवरा होते नाही, नवरा होतो म्हणतात’ अशी माझी दुरुस्ती केली आणि वर पातेल्यात पाणी आणायला सांगितले. माधवचे बी बहुधा तिथेच पडले असावे.

आत्तेभावाच्या त्या दुरुस्तीची आठवण पुन्हा आली ती फोनवर. रोज रात्री लेक विचारी, ‘आज काय केलंस?’ आणि मी अडखळे. मी मासे पकडायला गेले, की गेलो? इंग्रजीत हा प्रश्नच पडत नाही, पण मराठीत तोंड उघडले की क्रियापद आपली ओळख सांगून मोकळे होते. शाळेत शिकलेले व्याकरण इतक्या वर्षांनी कामी आले. कर्मणी प्रयोगात सुटका आहे: मी बी पेरले, मी कुंपण बांधले, मी कोबी विकला. तिथे क्रियापद केलेल्या वस्तूच्या मागे जाते, करणारा कोण याची ते विचारपूस करीत नाही. कर्तरीत मात्र सापडलोच: मी उठले, मी दमले, मी घरी आले. म्हणजे आपल्या भाषेत निदान भूतकाळापुरते तरी केलेल्या कामाला करणाऱ्याचे लिंग चिकटत नाही. येण्याजाण्याला, दमण्याला, झोपण्याला, नुसते असण्याला मात्र चिकटते. पहिल्या आठवड्यात मी कटाक्षाने कर्मणीत बोलत होते. नंतर एका रात्री सहज तोंडून गेले, ‘आज मी डोंगरावर गेलो होतो,’ आणि पलीकडून लेक हसली. मीही हसले. मग पुढचे सगळे दिवस मी माधवच्या वतीने बिनदिक्कत ‘गेलो’ आणि ‘आलो’ म्हणत राहिले आणि स्वयंपाकघरातून ‘औषध घेतलंस का?’ असे विचारणाऱ्या नवऱ्याला ‘घेतलं’ असे सांगत राहिले.

माधव बसमधून उतरला तेव्हा त्याला घ्यायला आली ती रॉबिन. ही गावची सुतारकाम करणारी बाई. घर वाढवणे, गोठा बांधणे, खुराडे उभारणे, सगळे हीच करते आणि लाकूडही हीच विकते. पहिल्या पाच मिनिटांतच मी पुन्हा भाषेत अडकले. रॉबिनला काय म्हणायचे? सुतारीण म्हटले तर ती सुताराची बायको झाली. लोहारीण, पाटलीण, मास्तरीण, या सगळ्या शब्दांत बाई नवऱ्याच्या धंद्याला टांगलेली आहे. मास्तरीण तरी पुढे स्वतः शिकवू लागली, पण रंधा मारणाऱ्या बाईला आपल्याकडे अजून शब्द नाही. रॉबिनचा नवरा डिमिट्रियस संशोधक आहे, पहिल्या संबंधातला मुलगा सेबॅस्टियन तळघरात राहतो, दोघांची मुलगी मारू दवाखान्यात काम करते आणि घरी यंत्रे बनवते. सावत्र बाप आणि मुलगा यांच्यातले ताणलेले मौन तुटक संवादांतून कळत जाते, कोणी ते समजावून सांगत नाही. एवढ्या गोड रंगांच्या खेळात मला ते अनपेक्षित होते.

मात्र गाव अगदीच नव्या वळणाचे आहे असे समजू नये. सॅम नावाच्या तरुणाची आई, जोडी नावाची, ओट्यापाशी किंवा खरेदीत असते, तिचा नवरा लढाईवर गेलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी वसंताच्या पहिल्या दिवशी परत येतो. किराणा दुकानावर पिएरचे नाव आहे. त्याची बायको कॅरोलिन त्याच घरात राहते, पण पाटीवर नाही. दर मंगळवारी गावातल्या बायका कॅरोलिनकडे जमून व्यायाम करतात. सरपंच लुईस आणि गाईगुरे पाळणारी मार्नी यांचे सूत जुळलेले आहे, पण लुईसला ते चारचौघांत यायला नको असते. हे सगळे मला इतके ओळखीचे वाटले की मी एका संध्याकाळी नवऱ्याला हाक मारून मार्नीची हकीकत सविस्तर सांगितली, आणि त्याने आमच्या जुन्या कॉलनीतल्या एका गृहस्थांचे नाव घेतले. ते मी इथे लिहिणार नाही.

पहिल्या भेटींबद्दल सांगायचे तर त्या फार वाईट झाल्या. कोंबड्यांजवळ राहणारा शेन नावाचा तरुण पहिल्याच वाक्यात विचारतो की मी तुला ओळखत नाही, मग माझ्याशी कशाला बोलतोस. हेली नावाच्या तरुणीने माझ्या कपड्यांना नाव ठेवले. हे मी ‘बोलतोस’ असे लिहिले खरे, पण इंग्रजीत शेनचे वाक्य दोघांनाही सारखेच लागू पडते. ‘तोस’ माझे आहे. लेकीने यावर एक गंमत दाखवली. खेळाच्या संवादांच्या फायली उघडून पाहिल्या तर काही वाक्यांच्या मध्ये टोपीसारखे एक चिन्ह दिसते; त्याच्या डावीकडे पुरुषाला उद्देशून असलेले वाक्य आणि उजवीकडे स्त्रीला उद्देशून असलेले. इंग्रजीत हे चिन्ह अधूनमधून येते. हा खेळ बारा भाषांत उपलब्ध आहे आणि त्यांत मराठी नाही. उद्या कोणी करायला घेतलाच, तर जवळजवळ प्रत्येक ओळीवर ती टोपी चढवावी लागेल, कारण आपण ‘कसा आहेस’ किंवा ‘कशी आहेस’ यांतले एक निवडल्याशिवाय कोणाची साधी खुशालीही विचारू शकत नाही. ‘कसे आहात’ हा आदरार्थी आडोसा आहे, पण शेन काही तो घेणाऱ्यांतला नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे ओळख वाढवण्याकडे. ही सगळी हिशेबाची बाब आहे आणि तीस वर्षे खतावणी सांभाळलेल्या बाईला हिशेब लगेच दिसतो. प्रत्येक गावकऱ्याच्या नावापुढे हृदयांची ओळ असते. एक हृदय म्हणजे २५० गुण. रोज एकदा बोलले की २०. आवडती भेटवस्तू दिली की ४५, जीव की प्राण असलेली दिली की ८०. नावडती दिली तर २० वजा, तिटकाऱ्याची दिली तर ४० वजा. आठवड्यात एका माणसाला दोनच वस्तू देता येतात. वाढदिवसाला दिलेल्या वस्तूचे आठपट. बोलणे टाकले तर रोज दोन गुण झिजतात, म्हणजे कमीत कमी शिल्लक न ठेवणाऱ्या खात्यावर लागतो तसा आकार. आठ हृदये भरली की पिएरकडून २०० नाण्यांचा पुष्पगुच्छ आणून द्यायचा, त्याने उघड प्रेमसंबंध सुरू होतो. दहा भरली, घर मोठे झाले, की पावसाच्या दिवशी समुद्राच्या पूर्व टोकाला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या खलाशाकडून ५००० नाण्यांचे शंखाचे पदक घ्यायचे आणि मागणी घालायची. तीन दिवसांनी लग्न.

मी लिआला निवडले. ही शहर सोडून आलेली शिल्पकार, जंगलाच्या कडेला एकटी झोपडीवजा घरात राहते. निवडण्याचे कारण अगदी व्यवहारी होते: तिला रानात फुकट मिळणारी फुले आणि कंद आवडतात, आणि तिला प्राणप्रिय असलेले सॅलड गावच्या गुत्त्यात २२० ला मिळते. आठवड्याला दोन सॅलडे, सात गप्पा, म्हणजे ३०० गुण. दोन हजारांसाठी पावणेसात आठवडे. कागदावर मांडून पाहिल्यावर मला आमच्या वेळची आवर्त ठेव आठवली. दुसरा विचार डॉक्टर हार्वीचा केला होता, कारण मिशा असलेल्या त्या भिडस्त माणसाला कॉफी आणि लोणचे यांवाचून काही सुचत नाही, आणि लोणचे घालणारी बरणी मला लौकरच मिळणार होती. माधवने हार्वीशी लग्न केले असते तरी गावात कोणी भुवई उंचावली नसती. तरी माधव लिआकडे गेला. यात माझ्या मनाचा किती भाग आणि सवयीचा किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

हा हिशेब अनेकांना खटकतो. प्रेम म्हणजे सॅलड देऊन गुण जमवणे नव्हे, अशी तक्रार मी ऐकली आहे. तक्रार करणारे बहुधा कांदेपोह्यांच्या वाटेने गेलेले नसावेत. १९९३ च्या हिवाळ्यात मला बघायला नऊ घरची माणसे येऊन गेली. मागून आणून मांडलेल्या खुर्च्या, आईने कपाटातून काढलेल्या काचेच्या बश्या, माझ्या हातातला ट्रे आणि ‘चष्म्याचा नंबर किती?’ हा प्रश्न. एका घरातल्या काकूंनी खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितले, कारण खिडकीबाहेरचा जास्वंद त्यांना दाखवायचा होता म्हणे. तिथेही गुण होते: उंची, रंग, पदवी, पगार, आणि पत्रिकेचे छत्तीस. फक्त ते कोणत्या वहीत लिहिले जात आहेत आणि किती झाले, हे मला कोणी सांगत नव्हते. लिआच्या नावापुढची ओळ निदान माझ्या डोळ्यांसमोर भरत होती. शिवाय इथे ट्रे माझ्या हातात असला तरी बघायला निघालेला मीच होतो. दार तिचे होते आणि दोन हृदये भरेपर्यंत ते कुलूपबंद होते. त्या कुलपाचा मला आदर वाटला. बघायला आलेल्यांना आमच्या घराचे दार कधीच बंद आढळले नव्हते.

आणि मग फुलांचा नाच आला. वसंताच्या २४ तारखेला जंगलातल्या मोकळ्या जागी सारे गाव जमते. तरुणी पांढऱ्या पोशाखात, तरुण निळ्या सुटात, रांगा करून समोरासमोर. नाचासाठी ज्याला विचारायचे त्याच्याशी चार हृदये जमलेली असावी लागतात, ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी लिआला विचारले, ती नाही म्हणाली. पेनीला विचारले, नाही. एमिली नाही, मारू नाही. शेवटी सूड म्हणून हार्वीला विचारले, त्यानेही नम्रपणे नकार दिला. संगीत सुरू झाले. लिआ लांब केसांच्या इलियट नावाच्या लेखकाबरोबर नाचू लागली आणि माधव कडेला, म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या रांगेत, हात बाजूला सोडून उभा राहिला. नाच पुरता मिनिटभरसुद्धा नसेल. प्लास्टरमधला पाय उशीवर, मांडीवर लॅपटॉप, वय छप्पन्न, आणि माझे कान तापले होते.

इतकी वर्षे लोटल्यावर हे असे का व्हावे? मला वाटते, मला समोरासमोर नकार कधी मिळालाच नव्हता. नऊपैकी सहा घरांनी मला नाकारले, पण प्रत्येक वेळी मध्यस्थाच्या तोंडून एकच वाक्य आले, ‘पत्रिका जमत नाही.’ दोघांना मी नाकारले, तेव्हा बाबांनी हेच वाक्य तिकडे पाठवले. या एका वाक्याने आमच्या पिढीचे कितीतरी अपमान ग्रहांच्या अंगावर ढकलून दिले. उरलेल्या नवव्याने होकार दिला, तो आता स्वयंपाकघरातून औषधाची चौकशी करतो. त्या सहाजणांना नेमके काय आवडले नव्हते हे मला कधी कळले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या पांढऱ्या-निळ्या रांगांसमोर उभे राहीपर्यंत ते जाणून घ्यावे असे वाटलेही नव्हते.

त्यानंतर मात्र खेळाने मला नकार देण्याचे जवळजवळ थांबवले, आणि माझी खरी अस्वस्थता तिथून सुरू झाली. सॅलड पोचत राहिले, हृदये भरत राहिली. मधल्या एका प्रसंगात लिआ फोनवर कोणाशी तरी भांडताना सापडते. शहरातल्या जुन्या जोडीदाराशी, नाव केल. लिआने शहरात परत यावे असा त्याचा हट्ट. पुढे दहा हृदयांनंतर दोघे रानात सहलीला बसलेले असताना केल स्वतःच येऊन उभा ठाकतो आणि मामला ठोशापर्यंत जातो. हे मी रात्री लेकीला रंगवून सांगत होते.

‘मग तो केल तिथेच आला आणि...’

‘ती केल,’ लेक म्हणाली.

‘नाही गं. तो. चांगला पुरुष आहे, मी पाहिला.’

‘आई, मी लिआशी लग्न केलंय. केल बाई आहे.’

आम्ही दोघी काही क्षण आपापल्या केलला धरून बसलो. मग तिच्या लक्षात आले. ती स्त्री होऊन खेळली होती, मी पुरुष होऊन. केलचे लिंग आधीपासून ठरलेले नाही. खेळणारा जो असेल तेच केलचे असते. मी पुरुष झाले म्हणून लिआला पूर्वी पुरुष आवडला होता, लेक स्त्री झाली म्हणून लिआला पूर्वी स्त्री आवडली होती. (इथे लेक मला स्वतःबद्दल काही सांगणार आणि लेखाला वळण लागणार असे कोणाला वाटत असेल, तर तसे काही घडले नाही. तिने वेगवेगळ्या डावांत बाराही जणांशी लग्ने केली आहेत आणि तिच्या मते त्यांत सेबॅस्टियन सर्वांत कंटाळवाणा निघाला.)

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या एका अक्षराचा, तो आणि ती यांचा, विचार करीत होते. बाराही जणांना कोणीही आवडू शकते, ही मोकळीक पहिल्या दिवशी मला फार भावली होती आणि आजही भावते. पण केलमुळे त्या मोकळिकीची दुसरी बाजू दिसली. लिआला शिल्पकला येते, ती शहराला कंटाळली आहे, तिला बकरीच्या दुधाचे चीज आवडते, हे सारे माझ्या येण्याआधीचे आहे. मात्र तिला कोण आवडते, एवढेच तेवढे माझी बस येऊन थांबेपर्यंत कोरे ठेवलेले होते. मी चिन्ह दाबले त्या क्षणी तिचा भूतकाळ मागच्या मागे लिहिला गेला. बघायला आलेल्या मंडळींनाही हेच हवे असे की मुलीची पाटी कोरी असावी आणि आमच्या मुलापासून ती लिहायला घ्यावी. फरक इतकाच की माझी पाटी कोरी नव्हती आणि तसे मी कोणाला सांगितले नव्हते. कॉलेजातल्या एका मुलाकडून आणलेली टिपणांची वही मी परत केली नव्हती. ती कुठे गेली हे आता आठवत नाही, पण त्याचे अक्षर आठवते. केल माझा असता तर तो कोणी येवो न येवो, तोच राहिला असता.

हे म्हणताना त्या मोकळिकीचे मोल मी कमी करीत नाही. याच जातीच्या खेळांचा मूळ पुरुष म्हणजे १९९६ साली जपानमध्ये आलेला हार्वेस्ट मून. यासुहिरो वादा यांनी आपल्या लहानपणीच्या खेड्याच्या ओढीने तो केला. त्यात नायक पुरुषच, आणि लग्नासाठी पाच मुली. २००० साली तिकडे मुलींसाठी म्हणून वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यातही शेत होते, गुरे होती, लग्नाला मुलगेही होते. पण नायिकेचे लग्न झाले की श्रेयनामावली वर सरकू लागे आणि खेळ संपे. पुरुषाचे लग्न झाल्यावर त्याची शेती पुढे चालू राहायची आणि बाईची लग्नाशी थांबायची. पुढे कशाचीही पेरणी नाही. हे वाचल्यावर माझ्या वर्गातल्या दोन मुली आठवल्या. हुशार होत्या.

बॅरोन लहानपणी तेच खेळ खेळून मोठा झाला, आणि त्याने हे दोन्ही अडसर पहिल्याच दिवशी काढून टाकले. स्टारड्यू व्हॅलीत स्त्रीचे स्त्रीशी, पुरुषाचे पुरुषाशी लग्न त्याच चौकात, त्याच सरपंचाच्या हातून, तेवढ्याच फुलांत लागते. अशा जोडप्याला मूल हवे झाले तर ते दत्तक येते. हा खेळ आला तेव्हा आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ शाबूत होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढले; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. पेलिकन टाउनला न्यायालय नाही. जे आहे ते लुईसच्या घरातले एक वहीपुस्तक, ज्यात ५०,००० नाणी भरून घटस्फोट मागता येतो. त्याहून भयंकर म्हणजे चेटकिणीच्या झोपडीत ३०,००० मोजले की सोडून दिलेल्या जोडीदाराच्या मनातली तुमची आठवणच पुसली जाते आणि तो तुम्हाला नव्याने, अनोळखी म्हणून, नमस्कार करतो. खरेदी करता येण्याजोग्या गोष्टींत इतकी दुष्ट गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. मी तिकडे गेलेले नाही. म्हणजे गेलेलो नाही.

लग्नच नको असणाऱ्यांसाठीही २०१९ मध्ये एक वाट केली गेली. गटारात राहणारे, उजेडाला बिचकणारे क्रोबस नावाचे एक काळे, सौम्य भूत आहे. त्याला घरी सोबती म्हणून आणता येते. नवरा नाही, बायको नाही, नुसती सोबत. क्रोबसबद्दल बोलताना मात्र मराठीने माझी अडवणूक केली नाही. लेकरू, मूल, भूत: तिसरे लिंग आपल्याकडे पहिल्यापासून तयार आहे.

प्लास्टर निघाले. माधवचे लग्न अजून झालेले नाही. पदक विकत घेऊन मी ते घरातल्या पेटीत पार्सनिप नावाच्या कंदाच्या बियांशेजारी ठेवले आहे, आणि लिआची दहा हृदये भरलेली आहेत. रोज सकाळी तो तिच्याकडे जातो, दोन शब्द बोलतो आणि परत येतो. पदक हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले की ती हो म्हणणार हे मला ठाऊक आहे, आणि बहुधा म्हणूनच पाय निघत नाही.

मागल्या रविवारी मी एक नवा डाव उघडला. या वेळी दुसरे चिन्ह दाबले. नाव माझे स्वतःचे दिले. बस थांबली, रॉबिन आली, तिने तेच स्वागत केले, शब्दाचाही फरक नाही. शेनने तोच प्रश्न विचारला. लुईसने तीच पार्सनिपची पंधरा बियाणी दिली आणि मी ती त्याच कोपऱ्यात पेरली, कर्मणी प्रयोगात. चौथ्या दिवशी रानात पिवळे रानफूल सापडले ते खिशात घातले आणि नदीकाठाने लिआच्या घरापाशी आले. दाराला कुलूप होते. एव्हाना शहरात कुठेतरी केल बाई झाली असणार. पायरीशी उभे राहून मी वाट पाहिली. दहाच्या सुमारास लिआ बाहेर पडली, तिच्या नावापुढची ओळ रिकामी होती आणि ती मला ओळखत नव्हती. घोटा अजून जरा दुखतो, म्हणून पाय स्टुलावर ठेवून मी फूल पुढे केले आणि मोठ्याने, घरात कोणी नव्हते म्हणून मोठ्याने, तिला सांगितले की मी इथे नवीन आले आहे.